शिल्लक होती, तरी चेक परत आला: भरपाईच्या एका फायलीचा प्रवास

हार्डवेअर दुकानाचं चालू खातं. मोबाइल ॲपमध्ये शिल्लक १,४३,२१० रुपये. रंगाच्या घाऊक व्यापाऱ्याला दिलेला १८,४०० चा चेक मात्र परत, आणि मेमोवर कारण ‘फंड्स इनसफिशियंट’. असं प्रकरण हातात आलं की बँक चुकली का, हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. आधी शोधायचं ते एवढंच, की चेक नाकारला त्या मिनिटाला खात्यात वापरता येण्याजोगे पैसे किती होते. ग्राहकांच्या बँकेविरुद्धच्या तक्रारी लिहून देणं हे आमचं काम. या एका फायलीत जवळजवळ सगळे खाचखळगे आले, म्हणून ती क्रमाने सांगतो. दुकान, बँक, गाव यांची नावं देत नाही आणि रकमा थोड्या बदलल्या आहेत.

बँकेकडे भरपाई मागणाऱ्याजवळ सगळ्यात महत्त्वाचा कागद मुळात नसतोच. रिटर्न मेमो चेक भरणाऱ्याच्या हातात पडतो, म्हणजे इथे घाऊक व्यापाऱ्याच्या. चेक काढणाऱ्याला येतो तो दंड कापल्याचा एसएमएस. म्हणून पहिल्याच दिवशी व्यापाऱ्याकडून मेमोची आणि चेकच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स आणली. तो चिडलेला होता, कारण त्याच्याही बँकेने त्याला २३६ रुपये लावले होते. पण त्या २३६ चीही मागणी आपण करणार आहोत म्हटल्यावर कागद निघाले. मेमोवर तारीख, कारणाचा कोड आणि कोडसमोरचे शब्द पाहायचे. ०१ म्हणजे पैसे अपुरे, १२ म्हणजे सही जुळत नाही, २० म्हणजे चेक काढणाऱ्यानेच पेमेंट थांबवलं. चुकून १२ पडला तर समोरचा म्हणतो, सही घाईत केली असेल. चुकून ०१ पडला तर म्हणतो, दुकान बसलं.

दुसरा कागद म्हणजे वेळेसकट स्टेटमेंट. नेहमीच्या स्टेटमेंटमध्ये तारखा असतात, तास-मिनिटं नसतात, आणि क्लिअरिंगमध्ये किंमत मिनिटांना. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सलग क्लिअर होतात. दिवसा ठरलेल्या वेळेत चेकच्या प्रतिमा जातात आणि ज्या बँकेवर चेक काढला आहे तिने संध्याकाळी ७ पर्यंत हो किंवा नाही कळवायचं असतं. काहीच कळवलं नाही तर चेक मंजूर धरतात. त्यामुळे परत आलेला प्रत्येक चेक हा बँकेने स्वतःहून दिलेला नकार असतो आणि त्या नकाराची वेळ नोंदलेली असते. ‘आमच्याकडून बघायचं राहून गेलं’ हे आता सांगता येत नाही. राहून गेलं असतं तर चेक वटला असता!

बऱ्याच तक्रारी या स्टेटमेंटपाशीच संपतात, आणि संपायलाच हव्यात. पैसे त्याच दिवशी आले, पण चेक नाकारल्यानंतर दोन तासांनी. दुसऱ्याचा भरलेला चेक खात्यात दिसत होता, पण वटलेला नव्हता. सकाळीच कर्जाचा हप्ता कापला गेला आणि चेकपुरते पैसे उरले नाहीत. फिक्स्ड डिपॉझिट होतं, पण ते चालू खात्याशी जोडलेलं नव्हतं. यातल्या एकाही प्रकारात बँक जबाबदार ठरत नाही. अशा ग्राहकाला तसं तोंडावर सांगितलेलं बरं.

या फायलीत मात्र वेगळंच निघालं. बँकेच्या संगणकात एका खात्याचे तीन आकडे असतात: खात्यावरची शिल्लक, लियन म्हणजे रोखून ठेवलेली रक्कम, आणि उरलेली उपलब्ध शिल्लक. या दुकानदाराच्या ॲपच्या पहिल्या पडद्यावर फक्त पहिला आकडा दिसत होता. चेक मंगळवारचा, सोमवारी दुपारी ४.५२ ला खात्यावर १,४३,२१० रुपयांचा लियन पडला होता. दुकानदाराला त्याची गंधवार्ताही नव्हती.

झालं होतं असं. नऊ दिवसांपूर्वी एका गिऱ्हाइकाने नळ आणि फिटिंगचे १२,००० रुपये यूपीआयने दिले. ते पैसे कुणाला तरी ऑनलाइन फसवून आलेले होते. फसलेल्या माणसाने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पैशाचा माग काढत काढत तपास या खात्यापर्यंत आला आणि सायबर पोलिसांचं मागणीपत्र बँकेकडे गेलं. त्यात रक्कम होती १२,०००. नोंद करणाऱ्याने रकमेच्या रकान्यात खात्यातली सगळी शिल्लक टाकली.

पैसे अडवायचे बँकेकडे दोन निरनिराळे मार्ग आहेत, आणि काउंटरवर ते सर्रास एकाच शब्दात सांगितले जातात: ‘खातं होल्डवर आहे.’ लियन म्हणजे ठरावीक रकमेवर बोट ठेवणं. फ्रीझ म्हणजे खात्याचं दार लावणं, मग ते पैसे बाहेर जाण्यापुरतं असो, आत येण्यापुरतं असो की दोन्हीकडून. फ्रीझ असेल तर मेमोवर खातं रोखल्याचं कारण यायला हवं. पूर्ण शिल्लकीचा लियन असेल तर उपलब्ध शिल्लक शून्य होते आणि संगणक सरळ ०१ छापतो. ‘पैसे अपुरे’ असं कुणा माणसाने बसून ठरवलेलं नसतं, तरी व्यापाऱ्याच्या हातात जातात ते शब्द तेच.

मागणीपत्राची प्रत बँक सहसा देत नाही. तपासाचा कागद आहे म्हणते. त्यावर हटून बसण्यात वेळ जातो. त्याऐवजी पाच गोष्टी लेखी मागाव्यात: मागणी कोणत्या पोलीस ठाण्याची, तिथल्या तक्रारीचा पोच क्रमांक, पत्राची तारीख, संशयित व्यवहाराचा संदर्भ क्रमांक (यूपीआयचा असेल तर १२ आकडी), आणि मागणीपत्रात लिहिलेली नेमकी रक्कम. पाचवी गोष्ट मिळाली की अर्धी लढाई झाली. इथे शाखेने ई-मेलवर १२,००० चा आकडा कळवला, बहुधा स्वतःच्या अडचणीचा अंदाज न येता. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच खातेदारांच्या याचिकांवर, पोलिसांच्या मागणीत नमूद केलेल्या रकमेपुरतंच खातं रोखावं, असं बँकांना सांगितलं होतं. तो निकाल केरळचा असला तरी पत्रात त्याचा उल्लेख करायला हरकत नसते.

कायदा जुना आणि आटोपशीर आहे. परक्राम्य संलेख अधिनियम (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) १८८१, कलम ३१. चेक काढणाऱ्याचे पुरेसे पैसे बँकेकडे असतील आणि ते त्या चेकसाठी योग्य रीतीने वापरता येण्यासारखे असतील, तर बँकेने चेक वटवलाच पाहिजे. न वटवल्यास चेक काढणाऱ्याचं जे नुकसान होईल ते भरून द्यायचं. सगळा वाद ‘योग्य रीतीने वापरता येण्यासारखे’ या शब्दांवर चालतो. न्यायालयाची जप्ती, आयकर किंवा जीएसटी खात्याची नोटीस, खातेदाराचा मृत्यू, पोलिसांनी रोखलेली रक्कम, यातले पैसे तसे वापरता येत नाहीत. आपल्या हिशेबात १,४३,२१० मधून १२,००० वजा केले तर उरतात १,३१,२१०, आणि चेक होता १८,४०० चा. मागणीपत्र शंभर टक्के बरोबर आहे असं धरलं तरी चेक वटायला हवा होता. तक्रार आम्ही याच एका वजाबाकीवर उभी केली. पोलिसांचं बरोबर की चूक, यात एक ओळही घातली नाही, आणि त्यामागे आणखी एक कारण होतं. ते पुढे येईल.

कलम ३१ चा हक्क चेक काढणाऱ्याचा आहे. ज्याला चेक दिला तो या कलमाखाली काढणाऱ्याच्या बँकेकडे भरपाई मागू शकत नाही. घाऊक व्यापाऱ्याचे २३६ रुपये म्हणूनच दुकानदाराने आधी त्याला चुकते केले आणि मग स्वतःच्या नुकसानीत धरले.

आता नुकसान किती? हमखास होणारी चूक म्हणजे चेकचीच रक्कम भरपाई म्हणून मागणं. ते १८,४०० खात्यातच आहेत. ते गेलेले नाहीत. गेलं ते असं: स्वतःच्या बँकेचा चेक-परतीचा आकार ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. त्याच मंगळवारी टेम्पोच्या कर्जाचा नॅचमधून, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ताही परत गेला, त्याचे बँकेने ५९० आणि कर्ज देणाऱ्या कंपनीने ५९०. व्यापाऱ्याचे २३६. वेळेत पैसे न गेल्याने रोखीची २ टक्के सूट गेली, ३६८. एकूण २,३७४. यातला बँकेचा स्वतःचा आकार, म्हणजे १,१८०, तर मागायचीही गरज पडू नये, कारण चूक ग्राहकाची असेल तेव्हाच चेक-परतीचा आकार लावायचा अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे.

खरं नुकसान पतीचं, म्हणजे बाजारातल्या विश्वासाचं, आणि त्याचं बिल कुणी देत नाही. या बाबतीत इंग्लंडमधल्या निकालांची एक जुनी रांग वकील आजही पुढे करतात. १८३० च्या मार्झेटी विरुद्ध विल्यम्स या खटल्यात ठरलं की पैसे असताना चेक नाकारणं हा करारभंगच, नुकसान सिद्ध झालं नाही तरी. १८५४ च्या रोलिन विरुद्ध स्टीवर्डमध्ये व्यापाऱ्याला एक पाऊल पुढचा हक्क मिळाला: पतीला धक्का बसला हे गृहीत धरून, प्रत्यक्ष तोट्याचा पुरावा नसतानाही, भरीव भरपाई. बिगरव्यापारी खातेदाराला मात्र नाममात्र रकमेवर समाधान मानावं लागे. १९९६ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने क्पोहरारोर खटल्यात ती भिंत पाडली. बँकिंगच्या वर्गात शिकवतात की परत गेलेला चेक जितका छोटा, तितकी बदनामी मोठी. चमत्कारिक वाटतं, पण बाजार तसाच चालतो. दहा लाखांचा चेक अडला तर लोक म्हणतात, मोठा व्यवहार आहे, होतं असं. अठरा हजारांचा अडला तर उधारी बंद.

आपल्याकडे फक्त गृहीतकावर विसंबू नये. करार अधिनियमाच्या कलम ७३ प्रमाणे भरपाई मिळते ती त्या चुकीतून सरळ उद्भवलेल्या नुकसानीची, आणि नुकसान कमी राखण्यासाठी आपण काय केलं हेही पाहतात. म्हणून व्यापाऱ्याकडून लेटरहेडवर दोन ओळी घेतल्या: आधी ३० दिवसांची उधारी होती, अमुक तारखेचा चेक परत आल्यापासून माल रोखीने देत आहोत. अख्ख्या फायलीत या दोन ओळींइतका वजनदार कागद दुसरा नव्हता.

हे सगळं होत असताना दुसरीकडे एक घड्याळ चालू असतं. पैसे अपुरे म्हणून चेक परत आला की परक्राम्य संलेख अधिनियमाच्याच कलम १३८ चा फौजदारी रस्ता उघडतो. चेक घेणाऱ्याने माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे चुकते झाले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. नॅचचा हप्ता परत गेला तरी पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट २००७ च्या कलम २५ खाली तसंच होऊ शकतं. चूक बँकेची आहे म्हणून नोटिशीकडे काणाडोळा करणारे लोक पाहिले आहेत; पुढे न्यायालयात शिल्लक दाखवून सुटतातही, पण तारखांना जाऊन. इथे बायकोच्या बचत खात्यातून त्याच आठवड्यात व्यापाऱ्याचे पैसे आणि हप्ता दोन्ही पाठवले. चेक तीन महिने वैध असतो, तो पुन्हा भरायला सांगता येतो, पण लियन उठल्याचं लेखी हातात असल्याशिवाय तसं करू नये. दुसऱ्यांदा ०१ आला तर समजावून सांगायला तोंड राहत नाही.

बँकेला दिलेलं पत्र दीड पानाचं होतं. खाते क्रमांक, चेक क्रमांक, मेमोची तारीख आणि कोड, त्या वेळची शिल्लक, मागणीपत्रातली रक्कम, प्रत्यक्ष लावलेला लियन, वजाबाकी. मग मागण्या चार: लियन १२,००० वर आणावा; २,३७४ रुपये द्यावेत; पतीच्या हानीपोटी ५०,००० द्यावेत; आणि घाऊक व्यापाऱ्याला व कर्ज देणाऱ्या कंपनीला बँकेने स्वतः पत्र पाठवावं की खात्यात पुरेशी रक्कम होती, चूक बँकेची. या शेवटच्या मागणीकडे लोक दुर्लक्ष करतात, का कोण जाणे. पैसे उशिरा मिळाले तरी चालतात, ते पत्र उशिरा आलं तर उपयोग उरत नाही. पत्र शाखेत आवक शिक्का मारून दिलं, आणि तेच ई-मेलने तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं. तक्रार क्रमांक त्या ई-मेलवर आला. शाखेत तोंडी बोलून आलेल्या माणसाची बँकेच्या उत्तरासाठीची ३० दिवसांची मुदत सुरूच होत नाही, हे पुष्कळांना महिन्याभराने कळतं.

लियन तिसऱ्या दिवशी १२,००० वर आला. एवढ्या झटपट दुरुस्ती झाली म्हणजे चूक मान्य झाली, असं आपल्याला वाटतं. बँकेच्या उत्तरात मात्र तसं काही नव्हतं. ‘कायदा अंमलबजावणी यंत्रणेच्या सूचनेनुसार कारवाई केली असून चेक प्रणालीद्वारे परत गेला आहे.’ दोनच कारणं, आणि दोन्ही नेहमीची. पहिल्याला उत्तर १२,००० चा ई-मेल. दुसऱ्याला उत्तर कलम ३१, ज्यात संगणकाने केलं म्हणून सूट अशी काही तरतूद नाही. रकान्यात आकडा भरणारा बँकेचाच.

बँकेने तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळायची ठरवली तर, बहुतेक मोठ्या व्यापारी बँकांत, उत्तर देण्याआधी ती आपल्याच अंतर्गत लोकपालाकडे, म्हणजे अशा तक्रारी पुन्हा तपासायला बँकेनेच नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, न्यावी लागते. उत्तरात त्याचा उल्लेख आहे का पाहावं. इथे नव्हता, आणि पुढच्या अर्जात ती एक ओळ उपयोगी पडली.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ३० दिवस थांबून किंवा असमाधानकारक उत्तर आल्यावर जाता येतं. ही फाईल २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली गेली. तिच्यात उत्तर आल्यापासून एक वर्षाची मुदत होती. मुदती आणि मर्यादा योजनेबरोबर बदलतात, म्हणून चालू योजनेचा मजकूर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार-पोर्टलवरून उतरवूनच अर्ज भरावा. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना ग्राहकातर्फे वकिलाने अर्ज केलेला चालत नाही. सीएमएस पोर्टल जमत नसेल तर कागदावरचा अर्ज सेक्टर १७, चंदीगड १६००१७ इथल्या केंद्राला टपालाने पाठवता येतो, चौकशीसाठी १४४४८. या योजनेत झालेल्या नुकसानीपोटी २० लाखांपर्यंत आणि वेळ, खर्च, मनस्ताप यांपोटी वेगळे १ लाखापर्यंत देता येत होते. नागरी सहकारी बँकांत ५० कोटींहून कमी ठेवी असलेल्या बिगर-अनुसूचित बँका या योजनेबाहेर, आणि पतसंस्था तर पूर्णच बाहेर; तिथे सहकार खात्याचा निबंधक.

अर्ज भरताना योजनेतल्या एका अपवादावर नजर हवी. कायदा अंमलबजावणी यंत्रणेच्या आदेशाचं पालन म्हणून बँकेने केलेल्या कारवाईबद्दलची तक्रार लोकपाल घेत नाही. अर्जात ‘पोलिसांनी विनाकारण खातं गोठवलं’ असं पहिलं वाक्य लिहिलं की अर्ज तिथेच बंद. म्हणून आमचं पहिलं वाक्य असं होतं: ‘आदेश १२,००० रुपयांचा होता; बँकेने आदेशाबाहेर जाऊन १,३१,२१० रुपये रोखले, त्याबद्दल ही तक्रार आहे.’ सोबत ई-मेल, मेमो, वेळेसकट स्टेटमेंट, व्यापाऱ्याच्या दोन ओळी. सात पानं, सगळी क्रमांक घालून. यूपीआय अडकल्यावर रोज १०० रुपये मिळतात, तेवढे तरी द्या, असं दुकानदाराला अर्जात घालायचं होतं. ते घालू दिलं नाही. तो २०१९ चा नियम खात्यातून पैसे गेले आणि समोर पोहोचले नाहीत त्यासाठी आहे. पैसे जाऊच दिले नाहीत, त्याला लागत नाही.

ग्राहक आयोगाचा पर्याय हाताशी ठेवला होता. मुदत दोन वर्षं, आणि स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतं. अडचण चालू खात्याची. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये श्रीकांत मंत्री यांच्या प्रकरणात, धंद्यासाठी घेतलेली बँक सेवा ‘व्यापारी हेतू’त धरून तक्रारदाराला ग्राहक मानलं नव्हतं. छोट्या दुकानदाराने म्हणून हे दुकान पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार आहे, हे तक्रारीत स्पष्ट लिहून दाखवावं लागतं. लोकपालाकडे हा अडथळा नाही.

हप्त्याच्या बाबतीत आणखी एक काम होतं. उशिराचा शेरा कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोत गेला असेल तर दुरुस्तीचा अर्ज वेगळा करायचा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर २६ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे रोज १०० रुपये मिळतात. इथे पैसे त्याच आठवड्यात गेल्यामुळे शेरा पडला नव्हता.

लोकपालाच्या कार्यालयाने दोन्ही बाजूंना कळवल्यावर बँकेने तडजोडीची तयारी दाखवली: २,३७४ पूर्ण आणि पतीपोटी १५,०००. पन्नास मागून पंधरा मिळाले. उधारी दोन महिने बंद राहिली होती, त्या मानाने दुकानदाराला ते पटलं. आम्ही अडून बसलो ते पत्रावर. पहिल्या मसुद्यात होतं, ‘तांत्रिक कारणास्तव चेक परत गेला, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ त्यात खात्यात पैसे होते हे कुठेच नव्हतं. परत पाठवला. दुसऱ्या मसुद्यात वाक्य असं आलं: ‘सदर दिवशी खात्यात चेकसाठी पुरेशी रक्कम उपलब्ध होती, बँकेच्या नोंदीतील चुकीमुळे चेक अपुऱ्या रकमेच्या कारणाने परत गेला.’ घाऊक व्यापाऱ्याने ते वाचलं, मेमोच्या वर टाचलं, आणि पुढच्या मालाच्या बिलावर ३० दिवस लिहिले.

१२,००० चा लियन अजून आहे. त्यासाठी नळांच्या विक्रीचं बिल आणि यूपीआयची नोंद सायबर ठाण्याकडे दिली आहे. तिचा पोच क्रमांक वेगळा, फाईलही वेगळी.